बोट धरून नेणारे गेम आणि रानात सोडून देणारे गेम

रात्रपाळी (धागाकर्ती)

मागे इथे कुणीतरी ‘कोणता गेम घेऊ?’ असं विचारलं होतं आणि नेहमीप्रमाणे याद्यांची जत्रा भरली. ग्राफिक्स कसे, कथा कशी, किती तास चालतो, सेलमध्ये केवढ्याला पडतो. सगळं ठीक आहे, पण माझी कसोटी एकच असते: पडद्यावरचा ‘इकडे जा’ म्हणणारा ठिपका पुसून टाकला तर मागे गेम उरतो का? खेळलेल्यांपैकी काहींबद्दल त्याच अंगाने लिहितेय. मतं माझी, न पटल्यास भांडायला खाली भरपूर जागा आहे. रहस्यभेद शक्यतो टाळलाय, विचरच्या परिच्छेदात थोडा आहे.

‘द विचर ३’ (२०१५) मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्यावर राग जास्त. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने व्हेलनच्या दलदलीतला तो दारुडा बॅरन जसा लिहिलाय तसं पात्र मी गेममध्ये क्वचित पाहिलंय. बायको आणि मुलगी घरातून नाहीशा झालेल्या, आणि हळूहळू कळत जातं की त्या का गेल्या. जन्माआधीच गेलेलं मूल, ज्याला ना नाव मिळालं ना धड माती, ते भूत होऊन उठतं. बॅरन ते दोन्ही हातांत घेऊन अंधारात घराकडे चालतो. वाटेत ते चवताळलं की आपण त्याला मंत्राने शांत करायचं. मग त्याला नाव द्यायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं. मी त्यानंतर पीसी बंद करून बसले होते.

आणि याच गेममध्ये तपास कसा करायचा? बटण दाबून धरा, जमिनीवर लाल ठसे दिसतात, लाल ठशांमागे चालत राहा. तुटलेली मेणबत्ती सापडली की आपला नायक गेराल्ट स्वतःच पुटपुटतो, ‘हं, इथे झटापट झालेली दिसते.’ अरे बाबा, मला बघू दे ना! तपास सगळा त्याचा, मी आपली त्याचे पाय हलवणारी. सेटिंगमध्ये जाऊन छोटा नकाशा बंद करता येतो आणि तो केल्यावर गेम कितीतरी सुंदर होतो. पण मग लोकांच्या बोलण्यात पुरेसा पत्ताच नसतो. ‘गावाबाहेर जंगलात’ म्हणजे नक्की कुठे? जग बांधतानाच गृहीत धरलंय की ठिपका असणार. दुखणं ते आहे.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’चं (२०१८) तर अजबच. साल १८९९, टोळ्यांचे दिवस भरत आलेले. हरीण मारलं की आर्थर (टोळीतला आपला नायक) ते खरंच सोलतो, ओझं खांद्यावर घेऊन घोड्यापर्यंत जातो आणि पाठीमागे टाकतो. दिवसभरात पाहिलेल्या पक्ष्यांची, पडक्या घरांची चित्रं वहीत काढतो. घोड्याला खरारा करायचा, बंदुकीला तेल लावायचं. कुणी घाई करत नाही. म्हणजे जगाचा माझ्यावर पूर्ण विश्वास. पण मिशन सुरू झालं रे झालं की तो विश्वास गुल. शत्रूला मागून गाठावं म्हणून टेकडीला वळसा घातला की ‘मिशन फेल’, तुम्ही टोळीला सोडून गेलात. लेखकाने ठरवलेल्या दगडाआडच लपायचं, ठरवलेल्या वाटेनेच पळायचं. एकाच डब्यात दोन वेगळे गेम भरलेत आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नाही.

‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’बद्दल (२०२२) फार लिहीत नाही. मारामारी अव्वल, कुऱ्हाड हातात परत येतानाचा तो ‘ठक्’ आवाज अव्वल. पण कोडं समोर आलं की मान वळवून बघायच्या आत नायक क्रेटोसचा पोरगा अॅट्रियस, नाहीतर क्रेटोसच्या कमरेला टांगलेलं ते मिमिरचं बोलतं मुंडकं, उत्तर सांगून मोकळं. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त (२०२०) ठिपक्याऐवजी वारा वाहतो आणि गवत त्या दिशेला झुकतं. तोही शेवटी ठिपकाच, पण इतका देखणा की मी तक्रार मागे घेते.

आता दुसऱ्या टोकाचे.

‘आउटर वाइल्ड्स’ (‘आउटर वर्ल्ड्स’ नव्हे, तो वेगळा, दोन्ही २०१९चे, त्यामुळे घोळ होतो). लाकडी फळ्या ठोकून केल्यासारखं एक यान, एक छोटीशी सूर्यमाला, आणि २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट. तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे. यात लेव्हल नाहीत, नवी हत्यारं नाहीत, ताकद वाढत नाही. उड्डाणाचा कोड मिळाला की गेम संपवायला लागणारं सगळं तुमच्या हातात असतं, फक्त काय करायचं ते माहीत नसतं. माहिती हीच कमाई.

त्यातले दोन जुळे ग्रह बघा. एकमेकांभोवती फिरतात आणि एकावरची वाळू खांबासारखी दुसऱ्यावर ओतत असते. एकीकडे वाळू उतरेल तसे बुडालेले मनोरे उघडे पडतात, दुसरीकडे गुहा बुजत जातात. म्हणजे ‘कुठे जायचं’ इतकंच ‘कधी जायचं’ महत्त्वाचं, आणि हे गेम कुठेही लिहून दाखवत नाही. गुहेत शिरून भिंतीवरचा मजकूर वाचत बसलात, पायाखालची वाळू वर चढतेय हे लक्षात आलं नाही, तर छत आणि वाळू यांच्यात चेपून मेलात. पुढच्या खेपेला तुम्ही आपोआप घाई करता. शिकवणी नाही, सूचना नाही, मिमिर नाही.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) तर माझ्या मते गेल्या दशकातला सर्वांत हुशार गेम. लुकस पोप या माणसाने जवळजवळ एकहाती केलेला. साल १८०७. हरवलेलं जहाज रिकामंच फालमथला परत आलंय आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर ६० माणसं होती. कोण, कसं मेलं, कुणी मारलं, हे वहीत भरायचं. सांगाड्याजवळ आपलं जादूचं घड्याळ उघडलं की मरणाच्या क्षणाआधीचं चार वाक्यांचं बोलणं ऐकू येतं आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो, फक्त काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत. त्यात फिरायचं आणि बघायचं. बस, एवढंच.

पण ‘बघायचं’ म्हणजे किती! खलाशी झोपतात त्या झोळ्यांवर आकडे आहेत आणि ते कर्मचारी यादीतल्या क्रमांकांशी जुळतात. चिनी खलाशांचे चेहरे पटकन वेगळे ओळखू येत नाहीत, तर झोळीतून बाहेर आलेल्या पायांतले बूट बघायचे आणि दुसऱ्या दृश्यात तेच बूट शोधायचे. बोलण्याची ढब, कोण कुणाच्या शेजारी उभं आहे, अंगठी, टोपी. यादीत भारतातले खलाशीही आहेत. तीन जणांचं बरोबर जुळलं की वही ते पक्कं करते. तीनच का? म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे चालू नये. त्या तिघांवर शाई चढताना जो आनंद होतो तो कुठल्याही गेममधल्या बॉसला (टप्प्याअखेरच्या बड्या शत्रूला) मारून मला झालेला नाही.

‘डिस्को एलिसियम’ (२०१९) हा मारामारी नसलेला, नुसत्या बोलण्याचा गेम. तुमच्या डोक्यातली २४ कौशल्यं एकमेकांशी भांडत तुम्हाला सल्ले देतात आणि त्यातले बरेच सल्ले वाईट असतात. पंख्याला लटकलेला स्वतःचा टाय काढताना हार्ट अॅटॅकने मरता येतं, अगदी सुरुवातीलाच. फासे उलटे पडले तर तिथूनही कथा पुढे जाते, उलट जास्त रंगते.

‘एल्डन रिंग’वर (२०२२) मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. गुहेतून बाहेर पडल्यावर समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो, भिडलात तर मेलात, वळसा घातलात तर वाचलात. हा पहिला धडा झकास. किल्ला जमत नसेल तर बाजूच्या कड्यावरून वाट काढून पुढच्या प्रांतात जाता येतं, तेही झकास. पण त्यातल्या पात्रांच्या उपकथा? एखादा माणूस तिसऱ्याच प्रांतातल्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तो तिथे आहे हे कळायला काहीच मार्ग नसतो. रानात सोडणं वेगळं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून सोडणं वेगळं.

तुमचे अनुभव लिहा.

---

पेठेतला

भाऊ, झकास धागा. पुढील लेखनाला शुभेच्छा.

ठिपक्याचा विषय निघालाय तर ‘मोरोविंड’चं (२००२) नाव घ्यायलाच हवं. त्यात लोक खरोखर पत्ता सांगायचे: पूल ओलांडा, रस्त्याने दक्षिणेला जा, फाटा लागला की डावीकडे. आणि कधीकधी पत्ताच चुकीचा, अगदी आपल्याकडच्यासारखा! पुढच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) होकायंत्रावर बाण आला आणि तिथून पत्ते सांगणारी माणसं संपली.

---

रात्रपाळी

पेठेतला, भाऊ नाही, बहीण :) मोरोविंड खेळलेला नाही, यादीत टाकला.

---

झुळूक

लेख आवडला, कसोटी अजिबात पटली नाही.

घरी दोन लहान मुलं. ती झोपल्यावर भांडी, उद्याचा डबा, मग उरला तर तासभर. त्या तासात मला ‘फाटा लागला की डावीकडे’ नको असतं. मागच्या वेळी काय करत होते हेच आठवत नाही! विचरचा तो ठिपका माझ्यासाठी देवासारखा आहे. तो नसता तर बॅरनपर्यंत मी पोचलेच नसते. आणि लाल ठसे म्हणाल तर मला तपास करायचाच नव्हता, मला गोष्ट हवी होती.

---

ढब्बू_मिरची

झुळूक +१.

शिवाय एक व्यावहारिक मुद्दा. गेमने ठिपका दिला नाही तर पब्लिक काय करतं? यूट्यूब उघडतं. मग गेममधला ठिपका वाईट आणि यूट्यूबवाल्याने दाखवलेला चांगला, असं कसं? निदान पहिल्यात मला कुणी ‘लाइक, शेअर, सबस्क्राइब’ म्हणत नाही.

---

रात्रपाळी

झुळूक, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण विसरायला होतं यावर ठिपका हा एकच उपाय नाही. आउटर वाइल्ड्सच्या यानात एक नोंदफलक आहे: कुठे गेलात, काय वाचलंत, कुठला धागा अर्धवट आहे, सगळं रेघांनी जोडलेलं. महिनाभराने परत आलात तरी पाच मिनिटांत सूत्र हाती येतं, आणि पुढे कुठे जायचं ते मात्र तुम्हीच ठरवायचं. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) उंचावर चढून दुर्बिणीतून बघायचं आणि नकाशावर खुणा स्वतः ठोकायच्या. ठिपका आहेच की, पण माझा.

ढब्बू, यूट्यूब उघडावंसं वाटलं तर तो गेमचा पराभव. ओब्रा डिनमध्ये मला तसं वाटलं नाही, एल्डन रिंगमध्ये वाटलं. म्हणूनच तर तसं लिहिलंय.

---

गोदाकाठ

थोडं अवांतर, पण राहवत नाही. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) कुणी मराठ्यांकडून खेळलंय का? त्यात मराठा कॉन्फेडरसी निवडता येते म्हणून मी हरखून गेलो होतो.

गेम सुरू होतो १७०० साली. आता विचार करा, ते साल काय होतं. औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसलेला, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सातारा पडला आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. राज्य म्हणजे घोड्याच्या पाठीवर. गेममध्ये यातलं काहीच नाही! नीटनेटका प्रांत, तिजोरी, करांचा तक्ता, आणि मैदानात समोरासमोर रांगा लावून बंदुकी. वर हत्ती. अहो, मुघलांच्या हत्तींना आणि तोफखान्याला पळवून पळवून दमवणारी माणसं आपली, आणि गेममध्ये आपल्यालाच हत्ती! रसद तोडणं हा प्रकारच नाही, कारण सैन्याला रसद लागतच नाही. मग गनिमी कावा करणार कशाच्या जोरावर?

त्या मानाने ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ बरा. त्यात १४४४ पासून सुरुवात करून पुढे मराठ्यांचं राज्य उभं करता येतं. डोंगरात चालून येणाऱ्याला तोटा होतो, वेढा लांबला की सैन्य झिजतं, म्हणजे किल्ल्यांना अर्थ आहे. पण धागाकर्तीच्या भाषेत सांगायचं तर हा गेम बोट सोडाच, करंगळीही देत नाही. शेकडो बटणं, आणि कुठलं दाबल्यावर ऑस्ट्रिया चिडेल याचा नेम नाही.

---

पेठेतला

गोदाकाठ, हत्तींबद्दल शंभर टक्के सहमत. ‘एज ऑफ एम्पायर्स २’चंही तेच. २०२२च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’त गुर्जर, द्रविड, बंगाली आले. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलेल्या पिढीला बरं वाटलं, पण तिथेही हत्तीच हत्ती.

जाता जाता, पुण्यात बनलेला ‘राजी’ (२०२०) कुणी खेळला का? नॉडिंग हेड्स या कंपनीचा. भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेचं त्रिशूळ, आणि विष्णू-दुर्गा वरून गप्पा मारत गोष्ट सांगतात. वाडे, जाळीदार खिडक्या, भिंतीवरची चित्रं बघत नुसतं फिरावं. कथा बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडते ते फारच सुरेख. मारामारी मात्र लवकर कंटाळवाणी होते आणि शेवट गडबडीत गुंडाळलाय. तरी ‘आपला’ म्हणून गुण वाढवून द्यायची गरज पडली नाही, एवढं नक्की.

---

अबोली_५

माझी आई आयुष्यात कधी गेम खेळली नव्हती. तिला ‘वेन्बा’ (२०२३) खेळताना बघणं हा माझा यंदाचा सर्वांत मोठा आनंद.

कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब आणि आईच्या वहीतल्या पाककृती, पण वही फाटलेली, अक्षरं पुसलेली. गाळलेल्या जागा आपण भरायच्या. पहिलीच पाककृती इडली. ताटल्या एकावर एक कशा रचायच्या, हे कोडं. मी विचार करत होते, तेवढ्यात आई मागून म्हणाली, ‘अगं, वरच्या ताटलीची भोकं खालच्या इडलीवर आली पाहिजेत, नाहीतर इडली वरच्या ताटलीला चिकटेल.’ हातातून कंट्रोलर काढून घेतला आणि लावून मोकळी. गेमने तिला एक अक्षर शिकवलं नाही, ती शिकूनच आली होती! पुढे मुलगा डब्यातलं खायला लाजतो त्या प्रसंगांत मात्र ती गप्प झाली. दीड-दोन तासांत संपतो, त्यामुळे झुळूक, तुम्हाला अगदी योग्य.

---

झुळूक

अबोली, घेतला. मुलं झोपली की बघते.

---

मालवणी_खाजं

बोट धरण्याबद्दल वेगळ्या बाजूने लिहितो. माझ्या उजव्या हाताची बोटं एका अपघातानंतर नीट वळत नाहीत. प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचे) गेम बंदच झाले होते. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) असिस्ट मोड आहे: वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो, कड्याला धरून ठेवायची ताकद न संपणारी करता येते, अगदीच नाही जमलं तर अख्खा अध्याय सोडून पुढे जाता येतं. आणि कुठेही ‘तुम्ही सोपा मार्ग निवडलात’ असं हिणवणं नाही. मी वेग सत्तर टक्के ठेवून डोंगर चढलो. कोडं तेच, उडी तीच, फक्त माझ्या बोटांना वेळ मिळाला.

मग हे बोट धरणं आहे का?

---

रात्रपाळी

नाही. सेलेस्ट तुमचं डोकं वापरू देतो आणि हाताला सवड देतो. रॅग्नारॉक नेमकं उलटं करतो, हाताला घाम फोडतो आणि डोक्याला सुट्टी. माझी तक्रार दुसऱ्याबद्दल आहे. आणि सेलेस्टमध्ये ते बटण तुम्ही स्वतः फिरवता. मिमिरला गप्प बसवायचं बटण मला सापडलेलं नाही.

---

नवा_भिडू

वाचून हुरूप आला, पण माझा लॅपटॉप ऑफिसचा जुना, ग्राफिक्स कार्ड नाही. यातलं काय चालेल?

---

पेठेतला

एज ऑफ एम्पायर्स २ची जुनी आवृत्ती कुठेही चालेल. ओब्रा डिनही बहुतेक चालून जाईल.

---

रात्रपाळी

नवा_भिडू, ‘पेपर्स, प्लीज’पासून (२०१३) सुरू करा. ओब्रा डिनवाल्याच लुकस पोपचा, आणि कॅल्क्युलेटरवरही चालेल इतका हलका. १९८२ साल, एक काल्पनिक कम्युनिस्ट देश, तुम्ही सीमेवरचे कारकून. पासपोर्ट तपासायचा आणि शिक्का मारायचा. जितकी माणसं तपासाल तितका पगार, आणि घरी भाडं, औषध, सरपण. बाकी काही सांगत नाही.

---

नवा_भिडू

घेतला, काल रात्री बसलो. आत्ताच एक म्हातारा आला, त्याची कागदपत्रं बरोबर होती, सोडला. जाताना म्हणाला, मागून माझी बायको येतेय, तिच्याशी नीट वागा. बायको आली तर तिच्याकडे प्रवेशपत्रच नाही. आत सोडू का?

---

ढब्बू_मिरची

सोड बिनधास्त. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना दंड नसतो, नुसती ताकीद येते.

---

रात्रपाळी

ढब्बू, तू अॅट्रियस आहेस.